पाचटावर पहिला हक्क कुणाचा?

इथेनॉलचा रेणू अगदी साधा असतो: कार्बनचे दोन अणू, हायड्रोजनचे सहा, ऑक्सिजनचा एक. हे सगळं उसाला हवेतून आणि पाण्यातून मिळतं. म्हणजे गाडीच्या टाकीत जमिनीचं नत्र, स्फुरद, पालाश यातलं काहीच जात नाही. कागदावर ऊस हे इंधनपीक म्हणून निर्दोष ठरतं. तरीही शिरोळ-वाळव्याच्या पट्ट्यात जमिनी थकल्याची तक्रार जुनी आहे, आणि ती खोटी नाही.

मेख आहे ती रस निघाल्यावर जे उरतं त्यात. शेतात पाचट, बुडखे आणि मुळ्या. कारखान्यात बगॅस म्हणजे चोथा, रस गाळल्यावर उरणारा प्रेसमड आणि इथेनॉल काढल्यावरचं सांडपाणी म्हणजे स्पेंटवॉश. उसानं जमिनीतून उचललेली बहुतेक अन्नद्रव्यं या उरलेल्या मालात असतात. मातीतले जिवाणू आणि बुरशीही अशाच मालावर पोसतात. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट आधी २०३० साठी होतं; ते अलीकडे ओढलं आणि २०२५ मध्ये गाठलंही. या काळात पाण्यावर वाद झाला, साखरेच्या भावावर झाला, जुन्या गाड्यांच्या मायलेजवर तर फारच झाला. मातीतल्या जिवांचा विषय मात्र फारसा निघाला नाही.

तोडणी झाल्यावर हेक्टरी ८ ते १० टन पाचट शेतात पडतं. त्यात कार्बन ३२ ते ४० टक्के, पण नत्र जेमतेम अर्धा टक्का. जिवाणूंच्या शरीरात मात्र सात-आठ भाग कार्बनमागे एक भाग नत्र लागतं. त्यामुळे पाचट कुजवायला बसलेले जिवाणू कमी पडणारं नत्र आजूबाजूच्या मातीतून उचलतात आणि खोडवा काही आठवडे पिवळा दिसतो. ‘पाचट ठेवलं की ऊस पिवळा पडतो’ हे शेतकऱ्याचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. त्यावर काडी ओढणं हा उपाय तेवढा चुकीचा. टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन ही शिफारस याच उसनवारीसाठी आहे. जिवाणू मेले की घेतलेलं नत्र पुन्हा मातीत येतं. पेटवलेल्या फडातलं नत्र आणि कार्बन मात्र धुरावाटे गेलं ते गेलंच, आणि वरच्या थरातले जीवही भाजून निघतात.

पावसाळ्यात खोडव्याच्या सरीतलं पाचट हातानं उचलून पाहावं. वरचं पातं कोरडं आणि धारदार, हात कापतं. खालचं काळपट, ओलसर, बोटांत चुरगळणारं. पानाला पान चिकटवणारे बुरशीचे पांढरे धागे दिसतात आणि मातीवर गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या. हे धागे आणि जिवाणूंचे चिकट स्राव मातीचे कण एकमेकांना बांधतात, म्हणून असं ढेकूळ पाण्यात टाकलं तर लगेच विरघळत नाही. दरवर्षी नांगर फिरला की हे जाळं तुटतं. या दृष्टीनं खोडवा लावणीपेक्षा बरा. कोल्हापूरचे शेतकरी-लेखक प्र. र. चिपळूणकर यांनी तर जुने बुडखे आणि मुळ्या जागेवरच कुजू देण्याचा, नांगर टाळण्याचा आग्रह धरला. खोडकी मारायला ते तणनाशक वापरतात हे सेंद्रियवाल्यांना रुचत नाही. मला तो वाद दुय्यम वाटतो.

ब्राझीलनं १९७५ मध्ये इथेनॉलचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तिथल्याच योहाना ड्योबेरायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये उसाच्या आत राहून हवेतलं नत्र स्थिर करणारा एक जिवाणू जगापुढे आणला. आपल्याकडे बेणेप्रक्रियेसाठी तो ‘ॲसिटोबॅक्टर’ म्हणून मिळतो. गंमत अशी, की नत्रखताची मात्रा वाढली की उसातली त्याची संख्या घटते. बेणं त्याच्या द्रावणात बुडवायचं आणि वर युरियाची पोती ओतायची, हा दोन्ही बाजूंनी खर्च आहे.

पाटपाण्याचंही तेच. सरी तुंबून राहिली की मातीतली हवा संपते आणि बिनहवेचे जिवाणू नायट्रेटचा वायू करून सोडतात. त्यातला नायट्रस ऑक्साइड हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशेपटीहून जास्त ताकदीचा. हरित इंधनाच्या जाहिरातीत हा वायू दिसत नाही. पुढे निचरा नसलेली जमीन क्षारपड होते, आणि तिथे ऊसही नाही नि जिवाणूंची वर्दळही नाही. मक्याचं इथेनॉल आलं म्हणून हा प्रश्न सुटत नाही. मका खादाड पीक आहे, आणि सोयाबीन किंवा तुरीच्या जागी तो आला तर मुळांवरच्या गाठींमधल्या रायझोबियम जिवाणूंचं काम पोत्यातल्या युरियावर येतं.

आता उरलेल्या मालालाच गिऱ्हाईक आलं आहे. पानिपतला इंडियन ऑइलचा प्रकल्प २०२२ मध्ये भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करण्यासाठी उभा राहिला. इकडे प्रेसमडपासून गॅस होतो, पाचटाच्या गाठी बॉयलरला जातात. या सगळ्याला एकाच मापानं मोजता येत नाही. गॅसच्या टाकीत जिवाणूंचीच पंगत बसते. कार्बनचा मोठा वाटा गॅस होऊन जातो, पण नत्र, स्फुरद, पालाश स्लरीत राहतं, आणि स्लरी शेतात परतली तर व्यवहार बराचसा फिटतो. स्पेंटवॉश जाळून उरलेल्या राखेतून पोटॅश खत होतं, तेही चांगलंच. देशाला लागणारं पोटॅश जवळजवळ सगळं आयात होतं. बॉयलरला गेलेल्या पाचटाचं मात्र नत्र आणि कार्बन दोन्ही जातं, उरते राख, आणि तीही त्याच शेतात परतेल याची हमी नसते.

दहा टन पाचटाबरोबर साधारण ४० ते ५० किलो नत्र, शंभर किलोच्या आसपास पालाश आणि तीन-चार टन कार्बन शेताबाहेर जातो. गाठी बांधणारं यंत्र बांधावर आलं, की टनाच्या भावाआधी हा आकडा मांडावा आणि निदान निम्मं पाचट सरीतच राहील असं ठरवून घ्यावं; हलक्या, उताराच्या रानात तर सगळंच.