विकत घेतलेली माणसे

इ. स. १६०२ साली नांदेडजवळ एक घनघोर लढाई झाली. एका बाजूस अकबराचा सेनापती अब्दुर्रहीम खानखानान याचा पुत्र मिर्झा इरज होता. दुसऱ्या बाजूस निजामशाहीचा सरदार मलिक अंबर होता. लढता लढता अंबर जखमी होऊन घोड्यावरून खाली पडला. तो शत्रूच्या हाती लागणार, इतक्यात त्याच्या हबशी सैनिकांनी जिवावर उदार होऊन त्याला रणातून उचलून नेले. हा सरदार एके काळी बाजारात विकला गेलेला गुलाम होता, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल.

अंबराचा जन्म इ. स. १५४८ च्या सुमारास हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. त्याचे मूळचे नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला. तांबड्या समुद्रावरील मोखा बंदरात त्याची विक्री झाली. तेथून तो बगदादेस गेला. तेथील धन्याने त्याला शिक्षण दिले आणि अंबर हे नवे नाव ठेवले. माणूस विकत घेतला, की त्याचे नावही धन्याच्या मर्जीचे! पुढे दख्खनेत निजामशहाचा पेशवा चंगीझखान याने त्याला खरेदी केले. चंगीझखानाने असे सुमारे एक हजार हबशी गुलाम घेतले होते. आणि तो स्वतःही मूळचा हबशी गुलामच होता.

इतक्या दुरून माणसे विकत का आणावीत? येथील सरदारांना वतने होती, भाऊबंद होते, आपापसांतले हेवेदावे होते. परमुलखातून आणलेल्या एकाकी मुलाला मात्र धन्यावाचून कोणीच नसे. म्हणून तो एकनिष्ठ राहील, असा राज्यकर्त्यांचा हिशेब होता. व्यापाऱ्यांचा हिशेब निराळा. हिंदुस्थानातील सुती कापडाला हबसाणात मागणी होती. त्या कापडाच्या मोबदल्यात तेथून सोने येई, हस्तिदंत येई आणि माणसे येत.

गुलामगिरी काही दख्खनेतच होती असे नव्हे. प्राचीन रोमचे वैभव तर तिच्यावरच उभे होते. युद्धात जिंकलेल्या लोकांना रोमन लोक विकून टाकीत आणि धनिकांची विस्तीर्ण शेते, रुप्याच्या खाणी व घरची कामे त्यांच्याकडून चालवून घेत. वॅरो नावाच्या रोमन ग्रंथकाराने शेतीच्या साधनांचे तीन प्रकार नोंदविले आहेत: गाडी हे मुके साधन, बैल हे हंबरणारे साधन आणि गुलाम हे बोलणारे साधन! अशा गुलामांच्या हाती शस्त्र जाण्याची रोमला फार भीती वाटे. ख्रिस्तपूर्व ७३ मध्ये स्पार्टाकस याच्या नेतृत्वाखाली त्यांनी बंड केलेच. ते मोडल्यावर सुमारे सहा हजार बंडखोरांना रस्त्याच्या कडेने क्रूसांवर टांगण्यात आले. दख्खनेत याच्या उलट रीत होती. येथे हबशी गुलाम विकत घेत, तो मुख्यतः तलवार चालविण्यासाठीच. म्हणूनच त्यांच्यातील एखाद्याला वर चढण्यास वाट मिळे.

चंगीझखान वारल्यावर अंबर मुक्त झाला. काही वर्षे त्याने विजापूरची चाकरी केली. इ. स. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतले, तेव्हा निजामशाही बुडाली असेच सर्वांना वाटले. परंतु अंबराने राजघराण्यातील मुर्तजा याला परांड्यास गादीवर बसविले आणि राज्य सावरून धरले. नांदेडच्या पराभवानेही तो खचला नाही. मराठी घोडदळ हाताशी धरून गनिमी काव्याने त्याने मोगलांना जेरीस आणले. इ. स. १६१० मध्ये त्याने खडकी हे नगर वसविले; तेच पुढे औरंगाबाद व आता छत्रपती संभाजीनगर झाले. जमिनीची प्रत पाहून सारा ठरविण्याची त्याची पद्धत तर विशेष नावाजली गेली. जहांगीर बादशहाच्या हाती तो अखेरपर्यंत लागला नाही. तेव्हा बादशहाने, आपण अंबराच्या तोडलेल्या मस्तकावर बाण मारीत आहोत, असे चित्रच काढवून घेतले! इ. स. १६२६ मध्ये अंबर वारला. खुलदाबादेस त्याची कबर आहे.

पण चंगीझखानाच्या त्या हजार गुलामांपैकी बाकीच्यांचे काय झाले? नांदेडच्या रणातून अंबराला उचलून नेणारे कोण होते? त्यांची नावे आज कोणी सांगत नाही. आणि गुलाम केवळ सैन्यातच होते असेही नाही. पेशवाईतील मोठ्या वाड्यांत कुणबिणी असत. दळणे, पाणी भरणे, गोठा झाडणे ही कामे त्या जन्मभर करीत. त्यांच्या हाती कोणी तलवार दिली नाही. त्या काळच्या जुन्या कागदांत त्यांच्या खरेदीविक्रीच्या नोंदी सापडतात. तेथे बाईच्या नावाशेजारी तिची किंमत रुपयांत मांडलेली असते.