शय्याव्रणाची हस्तपरीक्षा

अफझलगंजात मुसीकाठी उस्मानिया रुग्णालयाची भव्य वास्तू उभी आहे. तथापि अंथरुणास खिळलेल्या वृद्धांची दीर्घ शुश्रूषा बहुधा घरीच घडते. शय्याव्रणाचे पहिले चिन्ह लाली होय. परंतु सावळ्या-काळ्या वर्णावर ती सहसा दिसत नाही, आणि कातडी फाटल्यावरच घरचे जागे होतात. यास्तव आम्ही धान्यव्यापारी पोत्यातील ऊब जशी हात घालून जाणतो, तशीच माकडहाड, खुबे व टाचा यांवरील त्वचा नित्य हाताने पारखावी. शेजारच्या त्वचेहून ती उष्ण, थंड, कठीण वा लिबलिबीत लागली, अधिक काळवंडली किंवा तेथे दुखले, तर धोका समजावा. ती जागा चोळू नये. तिजवर भार देऊ नये. साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलावी, पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवाव्यात, त्वचा कोरडी राखावी आणि डॉक्टरांस सत्वर दाखवावे. वैयावृत्त्य हे आपल्या धर्मात आभ्यंतर तप मानिले आहे. ते हातांनीच घडते.