पार्सलची पिशवी आणि तीन खेळाडूंचं गणित

पार्सल आलं की पुठ्ठ्याचा खोका आपण रद्दीत ठेवतो आणि प्लॅस्टिकची पिशवी कचऱ्यात टाकतो. कारण साधं आहे: खोक्याचे पैसे येतात, चिकटपट्टी लागलेली पिशवी भंगारवाला घेत नाही.

ह्या पिशवीवर काम करायचं तर सध्या एक साचा फार चालतो, इव्होल्युशनरी गेम थिअरी. खेळाडू तीन. सरकार तपासणी कडक ठेवेल किंवा ढिली, कंपनी पिशव्या गोळा करेल किंवा टाळेल, ग्राहक कचरा वेगळा करेल किंवा नाही. कुणी फार हुशार असायची गरज नाही. ज्या वागण्यात सरासरीपेक्षा जास्त फायदा, तसं वागणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. रेप्लिकेटर समीकरण म्हणजे एवढंच!

गंमत पुढे आहे. कंपन्या नियम पाळू लागल्या की सरकारला तपासणीचा खर्च नकोसा होतो. तपासणी ढिली, की कंपन्या परत घसरतात. दंड ठरावीक ठेवला तर बऱ्याच मॉडेल्समध्ये आलेख असा गोल गोलच फिरतो. नियमभंगाच्या प्रमाणात दंड वाढवत नेला तर तो एका जागी स्थिरावू शकतो.

आता आपल्याकडे बघा. २०२२ च्या सुधारित नियमांनुसार ही पिशवी लवचिक प्लॅस्टिकच्या दुसऱ्या गटात येते. २०२४-२५ साठी पुनर्चक्रणाचं किमान लक्ष्य ३० टक्के. कंपनी स्वतः गोळा करत बसत नाही, रिसायकलरकडून प्रमाणपत्रं विकत घेते. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत सहा लाखांहून जास्त बनावट प्रमाणपत्रं सापडली, आणि ती होती फक्त चार रिसायकलर्सची. म्हणजे 'कागदावरच रिसायकल' हाही एक डाव आहे, पण तीन खेळाडूंच्या साच्यात तो खेळणाराच नाही.

कचरावेचकही नाहीत. पुण्यात महापालिकेबरोबर २००८ पासून 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करते. त्यांची कमाई घरटी शुल्क आणि भंगारविक्री ह्यांवर. पिशव्या इतक्या हलक्या की किलोभर जमवायला कितीतरी वेचाव्या लागतात. ग्राहकाने पिशवी कितीही नीट वेगळी ठेवली तरी पुढचं सगळं किलोच्या भावावर ठरतं.

माझ्या कोडमध्ये गोळा करण्याचा खर्च आधी एकच स्थिरांक होता. आता त्याजागी कचरावेचकांचं चौथं समीकरण आलंय आणि स्थिरतेची अट हाताने सुटत नाहीये. सर म्हणतात, "तीनच ठेव, पेपर लवकर होईल." तूर्त दोन्ही फाइल्स उघड्या आहेत.