रस्त्यावर विकत मिळणारे मूळ चित्र : गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्वतः काढलेली चित्रे पदपथावर मांडून विकणारे चित्रकार मुंबईत काळा घोड्याला, जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेर दिसतात. जामनेरसारख्या तालुक्याच्या गावी अशाच प्रकारचा माणूस ‘पेंटर’ म्हणून ओळखला जातो. दुकानाच्या पाट्या, शाळेच्या भिंती, ट्रकच्या मागचे देखावे आणि घरातल्या दिवंगत वडीलधाऱ्यांची चित्रे ही त्याची कामे. फ्लेक्स आल्यापासून पाट्यांचे काम आटले, चित्रांचे मात्र थोडेफार टिकून आहे. अशा चित्रकाराकडून चित्र घेताना नेमके काय पदरात पडते, याविषयी बरेच गैरसमज आहेत.

सगळ्यात पसरलेला समज म्हणजे कॅनव्हासवर आहे म्हणजे हाताने काढलेलेच असणार. आज कॅनव्हासवर यंत्राने छापता येते आणि त्यावर पारदर्शक जेलचे फटकारे ओढून कुंचल्याचा आभासही आणता येतो. ओळखायला दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरते. छापील चित्रात निळसर, गुलाबी, पिवळ्या शाईचे बारीक ठिपके दिसतात. हाताने लावलेला रंग सलग असतो आणि त्यात कुंचल्याच्या केसांच्या रेघा उमटलेल्या असतात. जेलची लबाडी उघडी पडते ती फटकाऱ्यांच्या दिशेवरून: रंगवलेले पान डावीकडे झुकलेले आणि त्यावरचा उंचवटा मात्र सरळ खाली उतरलेला, असे दिसले की समजावे. चित्र उन्हाशी तिरके धरले की हे साध्या डोळ्यांनीही कळते. मग चौकटीच्या कडा आणि पाठ पाहावी. हाताने रंगवताना कडेवर रंग ओघळतो, बोटांचे डाग पडतात, जलरंगाखाली पेन्सिलीची पुसट रेघ राहते. पाठ आणि कडा अगदी स्वच्छ असतील, तर निदान चौकशी तरी करावी. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे विक्रेत्याला समोर दोन रेघा मारायला सांगणे. खरा चित्रकार याचा सहसा राग मानत नाही.

कोपऱ्यातल्या सहीवर लोकांचा फार भरवसा असतो. सही छापताही येते आणि दुसऱ्याच्या चित्रावर करताही येते. तिच्यापेक्षा साध्या कागदावरची पावती अधिक उपयोगी: चित्रकाराचे नाव, चित्राचा विषय, माप, माध्यम, वर्ष, किंमत आणि ‘हाताने काढलेले’ एवढे दोन शब्द.

हाताने काढलेले म्हणजे स्वतःच्या कल्पनेतले, असेही नाही. हा फरक या भागात विशेष महत्त्वाचा, कारण जामनेरहून पहूर, फर्दापूर ओलांडले की अजिंठ्याची लेणी येतात आणि तिथल्या भित्तिचित्रातल्या पद्मपाणीच्या प्रती काढणाऱ्यांची वाण नाही. अशी प्रत विकणे बेकायदा आहे, हा समज चुकीचा. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रांवर कोणाचा कॉपीराइट उरलेला नाही. उलट प्रतींची परंपरा मोठी आहे. मद्रास सैन्यातले अधिकारी रॉबर्ट गिल यांनी १८४० च्या दशकात हे काम सुरू केले. त्यांच्या बहुतेक मोठ्या प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. पुढे जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात नव्याने प्रती केल्या आणि त्यांतल्याही कित्येक लंडनलाच जळाल्या. प्रत ही प्रत म्हणून विकली तर त्यात फसवणूक नाही. मात्र एखाद्या हयात चित्रकाराच्या चित्राची नक्कल त्याला न विचारता विकणे हा निराळा मामला आहे, तिथे कायदा आड येतो.

रस्त्यावर बसतो म्हणजे अर्धवट शिकलेला असणार, हा समज गॅलरीच्या खर्चाकडे न पाहिल्यामुळे होतो. नामांकित गॅलरीत अर्ज, निवड, मग तारखेची वाट, त्यावर जागेचे भाडे किंवा विक्रीतला वाटा, शिवाय चौकटी आणि वाहतूक. पदपथावर यातले जवळजवळ काहीच लागत नाही, म्हणून कला महाविद्यालयातून रीतसर शिकलेलेही तिथे चित्रे मांडतात. त्यांच्याच शेजारी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षेनंतर स्वतःच शिकत गेलेलेही असतात. चित्र विकायला कसलीही पदवी लागत नाही. तेव्हा निवाडा चित्रावरून करावा, बसण्याच्या जागेवरून नव्हे.

किंमत ‘दोन तासांचे तर काम’ या हिशेबाने पाडली जाते. बरेच चित्रकार चौरस इंचाला दर धरतात. त्यात कॅनव्हास, रंग आणि न विकली गेलेली चित्रे यांचाही खर्च येतो. घासाघीस बाजारात चालते, इथेही चालते, पण भाजीचा नियम लावून निम्म्याने मागितले तर चित्रकार पुढच्या वेळी हलके रंग आणि पातळ कागद वापरतो. नुकसान घेणाऱ्याचेच होते.

आता हक्कांचा प्रश्न. पैसे मोजले म्हणजे चित्र सर्वार्थाने आपले झाले, असे बहुतेकांना वाटते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार वस्तू घेणाऱ्याची होते, कॉपीराइट सहसा चित्रकाराकडेच राहतो आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. म्हणजे तयार चित्र घरात लावता येते, भेट देता येते, विकता येते. ते दिनदर्शिकेवर किंवा दुकानाच्या पिशवीवर छापायचे तर मात्र परवानगी हवी. हक्क विकत घ्यायचे तर लेखी करार लागतो आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते. याला एक अपवाद खेड्यापाड्यांत रोज घडतो. आजोबांचे चित्र पैसे देऊन सांगून काढून घेतले, तर वेगळे ठरलेले नसल्यास कलम १७ प्रमाणे त्या चित्राच्या कॉपीराइटचा पहिला मालक काढून घेणाराच असतो.

हक्क विकले तरी चित्रकाराचे सगळेच हक्क संपत नाहीत. कलम ५७ त्याला नाव लावण्याचा आणि कामाची मोडतोड करून अप्रतिष्ठा केल्यास दाद मागण्याचा अधिकार देते. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातले भित्तिशिल्प १९७९ मध्ये उखडून गोदामात टाकले गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते शिल्प आणि पाच लाख रुपये त्यांना देण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला.

‘आज स्वस्तात घ्या, उद्या लाखाचे होईल’ हे विकणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याच्याच तोंडी जास्त असते आणि दाखला हुसेन यांचा असतो. मकबूल फिदा हुसेन यांनी मुंबईत सिनेमाची पोस्टरे रंगवली हे खरे. त्यांचे १९५४ चे ‘ग्रामयात्रा’ २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी ३७ लाख डॉलरला गेले, हेही खरे. पण ज्यांची नावे कोणाला आठवत नाहीत, असे पोस्टरवाले कितीतरी होते. बहुतेक चित्रांना दुसरे गिऱ्हाईक मिळत नाही. चित्र आवडले म्हणून घ्यावे, ठेव म्हणून नव्हे.

टिकाऊपणाबाबत तैलरंग पक्का आणि जलरंग कच्चा, अशी सरसकट वाटणी केली जाते. चांगल्या रंगांनी आम्लविरहित कागदावर काढलेले जलरंगचित्र पिढ्यानपिढ्या टिकते, भिकार रंगातले तैलचित्र लवकर फिकटते. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा उन्हात उभ्या गाडीत ॲक्रिलिक मऊ पडते आणि वरच्या प्लॅस्टिकला चिकटते, म्हणून मध्ये बटर पेपर घालावा. कॅनव्हास गुंडाळायचा तर रंगाची बाजू बाहेर ठेवतात, आत ठेवली तर थर दाबला जाऊन सुरकुततो. तैलरंग वरून आठवड्या-दोन आठवड्यांत सुकल्यासारखा वाटतो, पण आतून सुकायला जाड थराला सहा महिने ते वर्ष लागते आणि नेहमीचे वॉर्निश त्यानंतरच लावायचे असते. कागदावरच्या चित्राला काच हवी, पण ती कागदाला टेकता कामा नये, नाहीतर पावसाळ्यात ओल धरून बुरशी येते. चौकटवाले पाठीमागे वर्तमानपत्र भरतात, त्यातल्या आम्लाने कागद पिवळा पडतो. त्याऐवजी आम्लविरहित पुठ्ठा मागून घ्यावा.