तबकडीच्या दोन बाजू

नापाम डेथ या बँडचा पहिला अल्बम ‘स्कम’. त्याची पहिली बाजू संपते ‘यू सफर’ या गाण्याने. गाण्याची लांबी १.३१६ सेकंद, शब्द चार. गिटार, बास, ड्रम आणि घसा खरवडून काढलेला आवाज, सगळं एकदम अंगावर येतं आणि पापणी लवेपर्यंत संपतं. जगातलं सर्वांत छोटं ध्वनिमुद्रित गाणं म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे. त्या नोंदीमुळे पुष्कळ जण ते गंमत म्हणून ऐकतात. मला त्यात कधी गंमत वाटली नाही. सोसणाऱ्या माणसाला एक प्रश्न विचारायला जेवढा श्वास लागतो, तेवढंच ते गाणं आहे.

मग तबकडी उलटायची. पलीकडे गाणारा वेगळा, गिटार वाजवणारा वेगळा, बासवालाही वेगळा. दोन्ही बाजूंना आहे तो एकटा ड्रमर, मिक हॅरिस.

ही गोष्ट मेरिडनमध्ये सुरू होते. इंग्लंडचा मध्यबिंदू अशी ख्याती असलेलं हे गाव बर्मिंगहॅम आणि कॉव्हेंट्रीच्या मधे आहे. १९८१ साली निक बुलन आणि माइल्स रॅटलेज या दोन शाळकरी पोरांनी तिथे बँड काढला. याच गावात ट्रायम्फ मोटारसायकलचा कारखाना होता. मालकांनी हात वर केल्यावर कामगारांनी तो सहकारी तत्त्वावर काही वर्षं चालवून पाहिला, पण १९८३मध्ये त्याला कायमचं टाळं लागलं. आपल्याकडे गिरण्यांचा संप चिघळत होता तीच ही वर्षं, त्यामुळे बंद भोंग्यांच्या गावात वाढणं म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. पोरांचा राग पंकच्या वाटेने बाहेर पडला. क्रास या अराजकवादी बँडने १९८४मध्ये काढलेल्या एका संकलनात त्यांचं गाणं आलं.

पुढे त्यांचा अड्डा झाला बर्मिंगहॅममधल्या स्पार्कहिल भागातला ‘द मर्मेड’ हा पब. स्पार्कहिल म्हणजे भारत-पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांची वस्ती. पबच्या वरच्या मजल्यावर स्वस्तात कार्यक्रम होत. गिटारवर जस्टिन ब्रॉड्रिक आला, ड्रमवर हॅरिस आला आणि वेगाचं वेड लागलं. त्या काळी हे संगीत टपालाने फिरायचं. कॅसेटवरून कॅसेट उतरवायची, पाकिटात घालायची, समोरून दुसरी येईपर्यंत वाट बघायची. अमेरिकेतल्या सीज आणि रिपल्शन या बँडच्या कॅसेटी अशाच पोचल्या.

त्यातून हॅरिसने जो ठेका घडवला तो जवळून बघण्यासारखा आहे. उजवा हात झांजेवर, डावा स्नेअरवर, पाय बेस ड्रमवर. साध्या रॉकमध्ये चार मात्रांत स्नेअर दोनदा वाजतो. इथे झांज आणि बेस ड्रम एकत्र पडतात आणि त्यांच्या दर दोन ठोक्यांमधल्या फटीत स्नेअर बसवायचा, तोही अशा लयीत की नळाचे थेंब दिसेनासे होऊन धारच लागावी. हाताचा कोपर आवळला की धार तुटते. सगळं काम मनगटाचं आणि बोटांचं. तबल्यावर द्रुत लयीत बोल स्वच्छ काढायला ज्याने घाम गाळलाय त्याला ही मेहनत लगेच कळेल. या ठेक्याला ‘ब्लास्ट बीट’ आणि या संगीताला ‘ग्राइंडकोअर’ ही नावं रूढ केली हॅरिसनेच.

ऑगस्ट १९८६मध्ये बर्मिंगहॅमच्या रिच बिच स्टुडिओत बुलन, ब्रॉड्रिक आणि हॅरिस या तिघांनी पहिल्या बाजूची बारा गाणी वाजवली. खर्च पन्नासेक पौंड. ब्रॉड्रिक तेव्हा जेमतेम सतराचा. ‘सीज ऑफ पॉवर’ हे चारेक मिनिटांचं दणकट गाणंही याच बाजूवर आहे; तेव्हा यांना लांब गाणी जमत नव्हती असं कोणी म्हणू नये. हे ध्वनिमुद्रण दुसऱ्या एका बँडबरोबर अर्ध्या-अर्ध्या तबकडीवर निघायचं होतं, ते बारगळलं. दरम्यान ब्रॉड्रिक आणि बुलन दोघेही बाहेर पडले.

नॉटिंगहॅमच्या डिग्बी पिअर्सनने इअरेक ही छोटी कंपनी नुकतीच काढली होती. अर्धी तबकडी त्याच्या हाती लागली. उरलेली भरायला मे १९८७मध्ये हॅरिस त्याच स्टुडिओत परतला, नव्या साथीदारांसह. कॉव्हेंट्रीत कार्यक्रम भरवणारा ली डोरियन आता गाणार होता, लिव्हरपूलकडचा बिल स्टीअर गिटार वाजवणार होता, बासवर जिम व्हाइटली. सोळा गाणी झाली. ही बाजू अधिक वेगवान आणि अधिक चिखलाळ आहे, आणि खरं सांगायचं तर मला पहिलीच जास्त आवडते. तिच्यात रिफना श्वास घ्यायला जागा आहे. मुखपृष्ठ जेफ वॉकरने काढलं: सुटाबुटातली माणसं, खाली कवट्या आणि बड्या कंपन्यांची बोधचिन्हं. अठ्ठावीस गाणी, तेहतीस मिनिटं. जुलै १९८७मध्ये अल्बम निघाला. बीबीसीवरच्या जॉन पीलने तो मनापासून उचलून धरला आणि सप्टेंबरात त्याच्या कार्यक्रमात बँडचं स्वतंत्र सत्र प्रसारित झालं.

या तबकडीवरची माणसं पांगली ती रिकाम्या हाताने नाही. ब्रॉड्रिकने गॉडफ्लेश उभा केला, स्टीअर कारकसमध्ये रमला, डोरियनने कथीड्रल काढला. पुढे हॅरिसही गेला. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. पहारा बदलला की एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. नापाम डेथ हे नाव तसंच फिरत राहिलं. बासवाला शेन एम्बरी १९८७मध्येच, पण ‘स्कम’नंतर आला. गायक बार्नी ग्रीनवे १९८९मध्ये.

२०१३च्या मार्चमध्ये हा बँड लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात वाजणार होता. कीथ हॅरिसन या कलावंताने फरशांचे स्पीकर बनवले होते. बँडच्या आवाजाने ते तडकावेत अशी कल्पना. हादऱ्यांनी जुन्या इमारतीलाच धोका होईल या भीतीने संग्रहालयाने कार्यक्रम रद्द केला. त्याच वर्षी तो समुद्रकाठच्या बेक्सहिलमध्ये झाला. मंचावरच्या चौघांपैकी ‘स्कम’वर एकही जण वाजलेला नव्हता.