पांबनचा उचलता रेल्वेपूल

रेल्वेला अखंड मार्ग हवा, जहाजांना मोकळी वाट. तामिळनाडूचा किनारा आणि रामेश्वर बेट यांना जोडणाऱ्या पांबन पुलावर हा पेच १९१४ साली सोडविण्यात आला. जलमार्गाच्या जागी शेर्झर पद्धतीचा दुपाखी गाळा बसविला गेला. त्याची दोन्ही पाती कामगार हातांनी यंत्र फिरवून उचलीत.

डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळाने धनुष्कोडीनजीक प्रवासी गाडी गिळली आणि पुलाचे बहुतेक गाळे वाहून नेले. उचलता गाळा मात्र टिकला. ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली अवघ्या ४६ दिवसांत पूल पूर्ववत झाला.

खारा वारा वादळाहून चिवट ठरला. उचलत्या गाळ्याचे पोलाद गंजले आणि डिसेंबर २०२२ मध्ये गाड्या थांबविण्यात आल्या.

६ एप्रिल २०२५ रोजी शेजारीच नवा पूल खुला झाला. त्याचा ७२.५ मीटर लांबीचा गाळा दुभंगत नाही; दोन मनोऱ्यांमधून तो लिफ्टप्रमाणे सरळ १७ मीटर वर चढतो. त्याचे वजन प्रतिभारांनी तोललेले असल्याने विद्युत् मोटरींवर फारसा ताण येत नाही. या वेळी पोलादावर पॉलिसिलोक्झेनचा गंजरोधक लेप चढविला असून काँक्रीटमध्ये स्टेनलेस स्टीलच्या सळ्या घातल्या आहेत.