पांढरीचं एक टेकाड, अनेक विद्याशाखा

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात इथलं पांढरीचं टेकाड, म्हणजे जुन्या वस्तीची जागा, खणून ताम्रपाषाणयुगीन वसाहत उजेडात आणली. शोध मात्र एकट्या पुरातत्त्वाचा नव्हता.

कोणी काय वाचलं?

• पुरातत्त्व : घरं, चुली, खापरं, वस्तीची रचना
• वनस्पतिशास्त्र : जळके दाणे, त्यांतून जव हे मुख्य पीक असल्याचं कळलं
• प्राणिशास्त्र : हाडांवरून पाळीव जनावरं, शिकार, आहार
• मानवशास्त्र : दफनांतील सांगाडे आणि दातांवरून आरोग्य

फलित : ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांचा उत्खनन-अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला.